अस्वलाची जीप किती बोटं उचलावी

एका जंगलात एक डांबरी रस्ता होता, बाळांनो.

हसू नका. जंगलातही रस्ता असतो. राजा सिंह एकदा त्या बाजूला येणार होता, म्हणून घाईघाईने केला होता. राजा काही आला नाही. रस्ता मात्र राहिला. काळाभोर, गुळगुळीत, दोन्ही कडांना पांढरे पट्टे. असा रस्ता आजूबाजूच्या एकाही जंगलात नव्हता.

आणि ज्या जंगलात असा रस्ता होता, त्याच जंगलात प्रत्येकाला रस्ता नसेल तिथे जाणारी गाडी हवी होती. असं का, ते मला विचारू नका. मोठे झालात की तुम्हीही घ्याल.

तर त्या जंगलात भालबा नावाचं अस्वल राहायचं. भालबा मधसंघात चव घ्यायच्या कामावर होता. मधाचा हंडा आला की त्यात बोट बुडवायचं, चाटायचं आणि मान हलवायची. मान उभी हलली की हंडा आत. आडवी हलली की बाहेर. काम सोपं होतं, पण मान फार दुखायची.

भालबाकडे एक जीप होती. बिबट्याकडून जुनीच घेतलेली. सीटवर अजून ठिपके होते. या जीपमधून तो रोज कामावर जायचा. जाताना वाटेत आईला नदीवर सोडायचा आणि येताना तिला घेऊन यायचा.

आईचं नाव वेणूआई. तिचे गुडघे गेले होते. कुठे गेले ते कुणाला माहीत नाही, पण वैद्य म्हणाला, "गेले," म्हणजे गेले. नदीच्या काठावर एक मोठा कातळ होता. सकाळी ऊन आलं की तो छान तापायचा. त्यावर गोदाक्का नावाची म्हातारी घोरपड पसरलेली असायची. वेणूआई तिच्या शेजारी बसायची आणि मग दोघी बोलायच्या. कुणाची सून कशी, कुणाचा मुलगा कुठे, पूर्वीची जांभळं केवढी असायची. वेणूआईचा दिवस म्हणजे तो कातळ. बाकीचा दिवस नुसता त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर.

जीपमध्ये चढताना ती एक पाय आत टाकायची, दाराची दांडी धरायची, "चल गं बाई," असं स्वतःलाच म्हणायची आणि बसायची. बसली की हसायची. एवढंच.

सगळं बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं असताना माणूस काय करतो? मंडळात जातो. अस्वलही जातं.

त्या मंडळाचं नाव होतं उंच गाडी मंडळ. गणोजी गवा त्याचा अध्यक्ष. गणोजीची जीप एवढी उंच होती की तिच्याखालून सशांची वरात जाऊ शकली असती. एकदा गेलीही होती. गणोजीला कळलंच नाही.

वर्षातून एकदा हे मंडळ काळकड्यावर जायचं. काळकडा म्हणजे नुसते दगड. तिथे बघण्यासारखं काही नाही, खाण्यासारखं काही नाही. तिथे जायचं आणि परत यायचं. त्या वर्षी भालबाही गेला. सगळ्यांच्या गाड्या उड्या मारत वर चढल्या. भालबाची जीप एका खडकावर चढली आणि तिचं पोट त्यावर टेकलं. खर्रर्र! पुढची चाकं हवेत, मागची चाकं हवेत. जीप कासव उलटं पडावं तशी अडकून राहिली.

गणोजीने दोर बांधला आणि ओढून काढली. ओढण्यापूर्वी मात्र वामन वानराने सगळ्या बाजूंनी फोटो काढले. एक फोटो झाडावरून, एक खडकाखालून, एक भालबाच्या तोंडाचा.

दुसऱ्या दिवशी मधसंघात हंडे घेऊन आलेला प्रत्येकजण विचारायचा, "काय भालबा, पोट कसं आहे आता?"

भालबा ओशाळं हसायचा. पण आतून त्याला फार लागलं, बाळांनो. अस्वलाचं कातडं जाड असतं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. त्या पुस्तकावर विश्वास ठेवू नका.

तो गणोजीकडे गेला. "गणोजीराव, मला जीप उचलून घ्यायची आहे. किती उचलू?"

"चार बोटं," गणोजी म्हणाला. "चारच्या खाली म्हणजे उचलणंच नव्हे."

गव्याला बोटं नसतात. त्याला खूर असतात. पण सल्ला देताना ही गोष्ट आड येत नाही.

"आणि जास्त खर्च नको," भालबा हळूच म्हणाला. "रोजची गाडी आहे. आईला सोडायचं असतं, कामावर जायचं असतं."

"अरे, रोजची आहे म्हणूनच तर!" गणोजी म्हणाला. "रोज लोक बघणार. वर्षातून एकदा बघणाऱ्यांसाठी कोण गाडी उचलतं?"

हे भालबाला पटलं. खरं तर तुम्हालाही थोडं पटलं असेल. चुकीच्या गोष्टी अशाच पटतात, त्यांच्यात 'म्हणूनच तर' असतं.

रविवारी भालबा जीप घेऊन जंबूशेठ कोल्ह्याच्या गॅरेजमध्ये गेला. बरोबर बायको होती, मंजुळा. आणि पुढच्या सीटवर वेणूआई होती, कारण तिला कातळावरून घेऊन घरी जाताजाताच ते तिथे थांबले होते.

जंबूशेठचं गॅरेज जांभळाखाली होतं. जंबूशेठ गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नसे. त्याच्या तोंडात एकच शब्द होता. होईल. एकदा एका मोराने विचारलं होतं, गाडीला पिसारा बसेल का. जंबूशेठ म्हणाला होता, "होईल."

"तीन प्रकार आहेत," जंबूशेठ म्हणाला आणि जीपच्या खाली शिरला. त्याचं फक्त शेपूट बाहेर राहिलं. पुढचं सगळं त्या शेपटाने सांगितलं, असंच वाटत होतं. "पहिला प्रकार म्हणजे सगळं नवीन. स्प्रिंगा नव्या, शॉकअप नवे, खालच्या दांड्यासुद्धा बदलायच्या. चार बोटं उचलते आणि चालतेही झकास."

"खर्च?"

"यंदाचा सगळा मध. पुढच्या वर्षीचा मध. आणि माश्या तयार असतील तर त्याही."

भालबाने मान आडवी हलवली.

"दुसरा प्रकार. स्प्रिंगा जरा ताठ, आणि शॉकअप त्यांच्याच मापाचे. म्हणजे काय, स्प्रिंग गाडीला उडवते आणि शॉकअप तिला म्हणतो, पुरे आता. दोघं एका मापाचे असले की त्यांचं जमतं. दीड बोट उचलते. खर्च झेपेल असा."

"दीड बोट?" भालबा म्हणाला. "ते दिसतं का?"

"मोजलं तर दिसतं."

"पण कोण मोजणार?"

शेपूट नुसतं इकडून तिकडे झालं.

"आणि तिसरा?"

"तिसरा म्हणजे गुटके, नुसते ठोकळे. तुमच्या जुन्याच स्प्रिंगा, त्यांच्यावर गुटके ठेवायचे. शॉकअप जुनेच. चार बोटं उंच, आणि संध्याकाळपर्यंत गाडी तयार. खर्च म्हणाल तर दोन हंडे मध."

भालबाचे डोळे चमकले. "म्हणजे उंची पहिल्या प्रकाराची आणि खर्च तिसऱ्याचा?"

"होईल," जंबूशेठ म्हणाला.

"चालवायलाही पहिल्या प्रकारासारखीच वाटेल ना?"

शेपूट क्षणभर थांबलं. मग हललं. "होईल," ते म्हणालं. पण जरा बारीक आवाजात.

मंजुळा इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "अहो, या गाडीनं रोज जायचंय कुठे?"

"नदीवर आणि मधसंघात."

"तिथे तर डांबरी रस्ता आहे."

"आणि काळकड्यावर गं."

"ते कधी?"

"पुढच्या वर्षी."

मंजुळाने तोंड उघडलं. आता ती शहाणपणाचं काहीतरी बोलणार, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. ती म्हणाली, "एवढी उंच झाली तर सायाळीच्या कुंपणापलीकडचं दिसेल का हो?"

"अगदी स्पष्ट दिसेल."

मग तीही गुटक्यांच्या बाजूची झाली. सायाळ कुंपणाआड काय लावते आणि ते का झाकते, हे तिला कधीपासून बघायचं होतं.

वेणूआई पुढच्या सीटवर बसून हे सगळं ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. जीपचं मोजमाप चाललं होतं, आणि म्हातारीचा तिथे काय संबंध?

आईला घरी सोडून भालबा जीप घेऊन परत आला, आणि संध्याकाळी जीप उंच झाली.

भालबा तिच्यावर चढून बसला आणि जग बदललं. हरणांच्या टोप्या वरून दिसल्या. ससे तर दिसलेच नाहीत. रस्त्याने जाताना गणोजी गव्याने समोरून दिवे लावून सलाम केला. मंजुळाने सायाळीच्या कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे कोबी होता. तिला जरा निराशा वाटली, पण उंचीची नाही, कोबीची.

पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवसापासून जीप उड्या मारायला लागली. स्प्रिंगा गाडीला उडवत होत्या, आणि म्हातारे शॉकअप 'पुरे आता' म्हणेपर्यंत पुढचा खड्डा यायचा. खड्डा नसला तर जीप रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरूनसुद्धा उडायची. भालबा मधसंघात पोचायचा तेव्हा त्याची मान आपोआप हलत असायची. उभी, आडवी, तिरपी. एकदा त्या नादात आंबलेल्या मधाचा हंडा आत गेला आणि चांगला बाहेर.

घरी गुहेच्या तोंडाला जीपचं छत लागायला लागलं. म्हणून जीप बाहेर राहिली. बाहेर राहिली म्हणून भिजली. संध्याकाळी दिवे लावले की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी झाडावर पडायचा, आणि घरट्यांतली पिल्लं सकाळ झाली समजून ओरडायची. पाखरांनी तक्रार केली. भालबाने दिवे खाली वळवून घेतले. मग चाकं सरळ करून घेतली. मग खालचे रबरी बुश बदलले. जंबूशेठकडे त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक वेळी काम छोटंच असायचं.

एकदा वळणावर फार वाईट वेळ आली. लावरी पक्षीण आपली पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती. भालबाने ब्रेक दाबला. जीपने नाक खाली घातलं, मग उजवीकडे कलली, मग डावीकडे, आणि रस्ता सोडून खड्ड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. एक चाक हवेत फिरत होतं. पिल्लं वाचली. लावरी त्यांच्यावर पंख पसरून उभी होती.

"पिल्लांना घेऊन असं मध्येच येतात का?" भालबा ओरडला.

"आम्ही रोज इथूनच जातो," लावरी म्हणाली. "तू रोज थांबतोस."

हे खरं होतं. पूर्वी तो थांबायचा आणि जीपही थांबायची. भालबा जीप रस्त्यावर घेऊन निघून गेला.

मंडळात त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. गणोजीने विचारलं, "काय, कशी वाटते?" तर म्हणाला, "झकास!" गणोजी म्हणाला, "माझीही झकास." दोघंही आपापली मान चोळत होते.

आता वेणूआईचं सांगतो.

पहिल्या सकाळी ती दाराशी आली. जीपकडे वर पाहिलं. एक पाय उचलला. पाय जिथे पूर्वी सीट असायची तिथपर्यंत गेला. आता तिथे चाक होतं.

"थांब, मी उचलतो," असं म्हणून भालबाने तिला उचलून आत ठेवलं. ती हसली. पण भालबाने काखेत हात घातले होते, तिथे तिला दुखलं. ते ती बोलली नाही. संध्याकाळी उतरताना पुन्हा उचलली. कातळाजवळ तेव्हा बरीच मंडळी पाण्यावर आली होती. सगळ्यांसमोर मधाच्या हंड्यासारखं उचललेलं तिला आवडलं नाही. तेही ती बोलली नाही.

मग भालबाने एक लाकडी पाट केला, पाय ठेवायला. तो एके दिवशी सरकला. वेणूआई पडली नाही, दांडीला लोंबकळली. तिच्या गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. "काही नाही, काही नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, "आज नको रे. अंग जड वाटतंय."

त्यानंतर म्हणाली, "आज वारा आहे."

मग म्हणाली, "आज नाही. गोदाक्काची कात निघत असेल, तिला एकटं बरं वाटतं."

मग तिने कारण सांगायचं सोडलं आणि भालबाने विचारायचं सोडलं. आईचं वय झालं, असं त्याला वाटलं. वाईट वाटलं. मंजुळाला म्हणालासुद्धा, "आता आई घराबाहेर पडायला बघत नाही गं." मंजुळा म्हणाली, "वय झालं की तसंच होतं." आणि दोघंही गाडीत बसून बाहेर गेली.

वेणूआई गुहेच्या दाराशी बसून राहायची. ऊन दारापर्यंत यायचं आणि परत जायचं.

तिकडे कातळावर गोदाक्का वाट बघत होती. रोज ऊन तापायचं, कातळ तापायचा, शेजारची जागा रिकामी. शेवटी एका सकाळी गोदाक्का कातळावरून उतरली आणि चालायला लागली. घोरपड, त्यात म्हातारी. ती रस्त्याच्या कडेकडेने सरपटत निघाली. थोडं चालायचं, थोडं थांबायचं, पोट टेकून दम घ्यायचा. तिच्या बाजूने उंच उंच गाड्या गेल्या. एकालाही ती दिसली नाही.

दिवस कलायला आला तेव्हा ती गुहेशी पोचली. वेणूआई दाराशीच होती.

"गोदा!" वेणूआई म्हणाली. "अगं बाई, तू कशी आलीस?"

"पोटावर," गोदाक्का म्हणाली. "आणि तू मेलीस की काय ते बघायला आले. मेली असतीस तर बसले असते जरा. पण तू तर धडधाकट दिसतेस. मग येत का नाहीस?"

"मेले नाही गं," वेणूआई म्हणाली. "उंच झालंय सगळं."

"काय उंच झालं?"

"जीप. माझा पाय पोचत नाही."

"मग पोराला सांग ना, बाई! तोंड आहे ना तुला?"

 वेणूआई म्हणाली, "लहान असताना तो पहिल्यांदा सागावर चढला होता ना, तेव्हा वरून मला हाका मारत होता. आई, बघ, आई, बघ. परवा त्या जीपमध्ये बसला तेव्हा त्याचं तोंड तसंच झालं होतं. त्याला खाली उतर कसं म्हणू?"

आता हे सगळं भालबाने ऐकलं. तो नुकताच कामावरून आला होता आणि जीपमधून उतरायच्या खटपटीत होता. खरं सांगायचं तर उतरणं त्यालाही जरा कठीणच जात होतं. त्याचा एक पाय वर आणि एक पाय हवेत, तो तसाच राहिला.

मग तो उतरला आणि दाराशी येऊन बसला. पंजाने माती उकरत राहिला.

"आई, मला सांगायचंस ना," तो शेवटी म्हणाला.

"काय सांगायचं?"

"पाय पोचत नाही म्हणून."

"अरे, पाय माझा," वेणूआई म्हणाली. "जीप तुझी."

 यावर काही उत्तर तुम्हाला सुचलं तर मला सांगा.

अंधार पडायच्या आत गोदाक्काला परत सोडायला हवं होतं. भालबाने जीपचं दार उघडलं. गोदाक्काने चाकाला नखं लावली आणि सरसर वर चढून सीटवर बसलीसुद्धा. ती घोरपड होती. तिला उंचीचं काय? ती खिडकीतून वेणूआईला हात हलवत गेली. वेणूआईनेही हात हलवला. पण भालबाला आरशात ते बघवलं नाही.

परत आल्यावर तो म्हणाला, "आई, भिंतीशी उभी राहा."

"कशाला?"

"राहा गं. आता पाय उचल. दुखत नाही तिथपर्यंत."

"दुखत नाही तिथपर्यंत म्हणशील तर उचलायलाच नको," वेणूआई म्हणाली. "रोजच्याइतकं दुखतं तिथपर्यंत उचलते."

तिने भिंत धरली आणि पाय उचलला. भालबाने कोळसा घेतला आणि तिच्या तळव्याखाली भिंतीवर रेघ मारली. मग एक वेल आणली, जमिनीपासून त्या रेघेपर्यंत मोजली आणि तिथे गाठ बांधली. मंजुळा दिवा धरून उभी होती. ती म्हणाली, "एवढंच?" आणि मग तीच म्हणाली, "एवढंच की."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भालबा जंबूशेठच्या दारात उभा राहिला.

"जीप खाली घ्यायची आहे."

जंबूशेठने दोनदा कान हलवले. "खाली? खाली घ्या म्हणून आजवर कुणी आलं नाही."

"मी आलोय."

"किती खाली?"

भालबाने गाठ मारलेली वेल पुढे केली. जंबूशेठने ती जीपच्या दाराशी धरली, खाली शिरला, आणि शेपूट विचार करायला लागलं. "गुटके काढले की मूळच्या उंचीवर येईल. पण गाठ त्याच्या जराशी वर येते. म्हणजे तो दुसरा प्रकार बसेल. ताठ स्प्रिंगा आणि त्यांच्या मापाचे शॉकअप. दीड बोट."

"मग तोच बसव."

"आधी तर म्हणत होतात, दिसत नाही."

"नाही दिसलं तर नाही दिसलं," भालबा म्हणाला.

गुटके निघाले. नव्या स्प्रिंगा बसल्या, नवे शॉकअप बसले. भालबाने जीप रस्त्यावर काढली. जीप पांढऱ्या पट्ट्यावरून गेली आणि उडाली नाही. वळणावर लावरी पिल्लांना घेऊन उभी होती. भालबाने ब्रेक दाबला, जीप सरळ उभी राहिली. लावरीने मान वर केली आणि रस्ता ओलांडला. शेवटच्या पिल्लाने तेवढं मागे वळून पाहिलं.

घरी वेणूआईने एक पाय आत टाकला, दांडी धरली, "चल गं बाई," म्हणाली आणि बसली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. चांगल्या गोष्टी इथेच संपतात. पण मंडळाची सभा रविवारी होती.

भालबा घाबरतच गेला. सगळ्यांच्या जीपा ताडमाड, आणि त्यांच्यात त्याची ठेंगणी. गणोजी गवा तिच्याभोवती फिरला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"हे काय?" तो म्हणाला. "किती बोटं आहेत ही?"

भालबाला खरं सांगायची लाज वाटली. आईसाठी खाली घेतली म्हटलं असतं तर सगळे हसले असते. तो पुटपुटला, "बोटं नाहीत. गुडघ्याचं माप आहे."

"काय?"

"गुडघा... गुडघ्यावर सेट केलीय."

 गणोजीला ते कळलं नव्हतं. पण तो अध्यक्ष होता, त्यामुळे कळलं नाही असं त्याला म्हणता येत नव्हतं. "असं होय," तो म्हणाला. "गुडघा सेटिंग. मी ऐकून होतो."

मग त्याने ती जीप चालवून पाहिली. परत आला तेव्हा पहिल्यांदाच त्याची मान दुखत नव्हती. "यात काहीतरी आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

वामन वानराने फोटो काढले. एक झाडावरून, एक रस्त्यावरून आणि एक भालबाच्या गुडघ्याचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलाला कळलं की आता चार बोटं जुनी झाली, आता गुडघा सेटिंग आलं आहे.

जंबूशेठच्या दारात रांग लागली. "गुडघा सेटिंग करून मिळेल का?"

"होईल," जंबूशेठ म्हणाला. "पण त्याला म्हातारा गुडघा लागतो. जुना, झिजलेला. तरण्या गुडघ्यावर सेटिंग नीट बसत नाही."

मग काय विचारता, बाळांनो! ज्याच्या घरी म्हातारी होती, त्याने तिला अंथरुणातून उठवली. ज्याची म्हातारी दुसऱ्या टेकडीवर एकटी राहत होती, तो तिला आणायला गेला. गणोजी गव्याची आई पलीकडच्या कुरणात होती. तिला भेटून त्याला किती हिवाळे झाले, हे त्याला आठवेना. तो तिथे गेला आणि म्हणाला, "आई, पाय उचल बघू."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आधी सांग, तू कोण?"

तरसाला आई नव्हती. त्याने शेजारच्या सांबराकडून आजी मागून आणली, सेटिंगपुरती. ती परत द्यायला गेला तर आजी म्हणाली, "राहू दे रे, उद्या पुन्हा फिरवून आण."

आणि सेटिंग एकदा केलं की झालं, असं नसतं. जंबूशेठनेच सांगून ठेवलं होतं, की म्हातारा गुडघा रोज चढवला-उतरवला नाही तर स्प्रिंगा बिघडतात. हे त्याने कुठे वाचलं होतं ते विचारू नका. पण त्यामुळे रोज सकाळी जंगलातली प्रत्येक जीप एका म्हातारीला किंवा म्हाताऱ्याला घेऊन निघायची. आता घेऊन निघायचं तर सोडायचं कुठे? सगळ्यांना एकच जागा माहीत होती. नदीकाठचा कातळ.

कातळ गजबजून गेला. गव्याची आई आली, सांबराची आजी आली, एक बहिरा कोल्हा आला, तीन सायाळी आल्या. सगळे एकदम बोलत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. सगळे फार खुशीत होते. सायाळींच्या बाजूला कुणी बसेना, म्हणून बाकीच्यांची आणखीच दाटी झाली.

गोदाक्का कातळाच्या अगदी टोकाला कशीबशी चिकटून होती. तिचं शेपूट पाण्यात लोंबत होतं.

"वेणू," ती म्हणाली, "हे सगळं तुझ्या गुडघ्यामुळे."

"हो गं," वेणूआई म्हणाली. तिच्या मांडीवर कुणाच्या तरी आजोबांनी डोकं टेकून झोप काढली होती. "उद्यापासून आपण पलीकडच्या काठावर बसू. भाल्याला सांगते, पाण्यातून जीप घाल म्हणून."

तात्पर्य : आईवडिलांची काळजी घ्यावी, हे मुलांना उगाच सांगत बसू नये. ते गाडीच्या सेटिंगमध्ये बसवून द्यावं.